भिजू द्या, पण वाळू द्या : घरच्या लाकडी डेकचा आढावा

अलिबागजवळ माझ्या मावसभावाने घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगाला हौसेने सागवानी डेक करून घेतला. फळीला फळी अशी भिडवलेली, की मधून सुईसुद्धा जाऊ नये. वर काचेसारखं चकाकणारं व्हार्निश. पहिल्या वर्षी येणारा प्रत्येक पाहुणा आधी डेकवर जायचा. तिसरा पावसाळा सरला आणि ऐन नवरात्रात मावशीचा पाय फळीतून आरपार खाली गेला. थोडक्यावर निभावलं. ती फळी उचकटली तेव्हा वरचा थर धडधाकट होता, पण खालून लाकूड भिजल्या पावासारखं मऊ झालं होतं. स्क्रू गंजून निम्मे झाले होते आणि वाशावर वाळवीची माती चढली होती. सुताराने फसवलं नव्हतं, लाकूडही अस्सल होतं. त्याने घरातलं कपाट करावं तसा डेक केला होता, चूक एवढीच.

तेव्हापासून मी डेकचा विषय जमेल तिथून समजून घेत आलो आहे. सुतार, वखारवाले, इमारतीचे इंजिनिअर, लाकूडशास्त्रावरची पुस्तकं आणि परदेशातले नियम या सगळ्यांतून फिरून एकाच गोष्टीवर परत यावं लागतं. उघड्यावरचं लाकूड भिजल्याने मरत नाही. भिजल्यावर वाळायला मिळालं नाही, म्हणजे मरतं. जागा, झाड, सांगाडा, फट, स्क्रू, तेल हे डेकचे सगळे निर्णय या एका वाक्यावर घासून पाहता येतात. पुढचा आढावा त्याच कसोटीचा आहे.

पडवी होती, डेक नव्हता

आपल्या जुन्या घरांत लाकूड भरपूर होतं, पण उघड्यावर कुठेच नव्हतं. पडवी छपराखाली, ओसरी छपराखाली, माडीची तक्तपोशी घराच्या पोटात. पाऊस जिथे थेट पडायचा ते अंगण मातीचं, शेणाने सारवलेलं किंवा फरसबंदीचं. कोकणात पडवीला आडव्या पावसाची झड लागते, तर तिथेही माडाची झापं बांधून पावसाळ्यापुरता आडोसा करत. वाड्यातला लाकडी खांब कधी जमिनीत पुरलेला दिसत नाही. त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. जमिनीची ओल दगडात थांबते आणि खांबाचं बूड कोरडं राहतं. तळखडा पुष्कळदा कोरीव असतो म्हणून आपण त्याला शोभा समजतो. त्याचं पहिलं काम ओल अडवण्याचं आहे.

म्हणजे छपराखालच्या लाकडाची परंपरा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांची आहे, पण उघड्या आकाशाखालच्या लाकडी जमिनीची नाही. ती परंपरा होती जहाजांवर. डेक हा शब्दही तिथलाच. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ती आजही तरंगते आहे. साग पाणी सोसतो याचा यापेक्षा मोठा दाखला नको. पण जहाजाच्या डेकवर रोज हात फिरवायला खलाशांचा ताफा असे. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकून डांबर भरत, डेक घासत, सांधे पुन्हा भरत. आपण जहाजाचं लाकूड घरी आणतो, खलाशी आणत नाही.

घरामागे उघडा लाकडी डेक ही रीत खरी रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन उपनगरांत. ती रुजण्यामागे एका भारतीय शास्त्रज्ञाचा हात आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण लाकडात दाबाने भरण्याची पद्धत शोधली. १९३८ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. जगभर ‘सीसीए’ म्हणून ओळखलं जाणारं ते हेच मिश्रण. त्याने स्वस्त पाइनसुद्धा उघड्यावर टिकू लागला आणि डेक सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. नंतर आर्सेनिकची भीती पुढे आली आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबलं. त्याची जागा तांब्यावर आधारलेल्या इतर मिश्रणांनी घेतली.

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं

कुजणं हे बुरशीचं काम आहे. बुरशीला चार गोष्टी लागतात : ऊब, हवा, अन्न आणि ओल. आपल्या हवेत ऊब बाराही महिने असते, हवा रोखता येत नाही आणि अन्न म्हणजे खुद्द लाकूडच. हातात उरते ती ओल. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशीला पाय रोवता येत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिलं, की तिचं राज्य सुरू होतं.

फळीच्या पाठीवर पडलेला पाऊस वाऱ्या-उन्हाने उडून जातो. धोका असतो तो दडलेल्या जागी : फळी वाशाला टेकते ती पट्टी, दोन फळ्यांमध्ये अडकलेला पालापाचोळा, स्क्रूच्या भोकाभोवतीचा खड्डा आणि फळीचं कापलेलं टोक. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्या टोकाशी उघड्या असतात. त्यामुळे ते टोक अंगाच्या कितीतरी पट वेगाने पाणी ओढतं. मावसभावाच्या डेकची सुरुवातही टोकांपासूनच झाली होती.

लाकूड ओलीने फुगतं आणि उन्हात आवळतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत असतो. साग या बाबतीत शहाणा आहे, तरीही त्याची १०० मिलिमीटर रुंदीची फळी मे महिना आणि जुलै यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर हलते. दहा फुटांत अशा तीस फळ्या मांडल्या तर सगळ्यांची मिळून हालचाल दोन इंचांच्या घरात जाते. तिला फट दिली नाही तर ती स्वतःची वाट काढते. फळ्या उचलल्या जातात, स्क्रू तुटतात, कडा फाटतात.

कोणतं लाकूड

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून तो नीट पाहू. भारतीय मानकांत लाकडाच्या टिकाऊपणाचे तीन वर्ग आहेत. वन संशोधन संस्थेने वेगवेगळ्या झाडांच्या गाभ्याचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ठेवले आणि ते किती काळ तग धरतात हे पाहिलं. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकले ते पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिन्यांचे दुसऱ्या वर्गात, त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात. जमिनीत पुरणं ही लाकडाची सर्वांत कठोर परीक्षा. जमिनीपासून उचललेला, हवेशीर डेक याहून खूप जास्त टिकतो.

साग पहिल्या वर्गात आहे. त्याच्या अंगचं तेल आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवी-बुरशीला दूर ठेवतं. पण हे गुण फक्त गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात त्यांचा मागमूस नसतो, ते सागाचं असूनही आंब्याच्या फळीइतकंच कच्चं. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढऱ्याचं प्रमाण मोठं असतं. तेव्हा वखारीत ‘साग आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. प्रत्येक फळी पालथी करून, दोन्ही कडा बघून पांढरं किती आहे ते पाहावं लागतं.

पुण्या-नाशकाकडे पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. माझ्या मते डेकसाठी त्यासारखं लाकूड नाही. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्याला जे वळायचं ते वळून झालेलं असतं आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. फक्त रंध्यावर चढवण्याआधी आतले जुने खिळे काढून घ्यावेत आणि पोखरलेला भाग निर्दयपणे कापून टाकावा. ऐन, किंजळ ही कोकणातली घरबांधणीची झाडं सांगाड्याला चालतात, पण उन्हात चिरतात, म्हणून वरच्या फळ्यांना नकोत. आंबा, सावर आणि रबरवुड यांचा उघड्यावर विचारच करू नये.

परदेशी लाकडांत ब्राझीलचं ईपे आणि आग्नेय आशियातलं मर्बाऊ आपल्या बाजारात दिसतं. ईपे इतकं घट्ट, की त्याची घनता पाण्याच्या जवळपास जाते. भोक पाडल्याशिवाय स्क्रू आत जात नाही. टिकण्यात ते सागाला मागे टाकतं, पण ते वर्षावनातलं झाड आहे. कायदेशीर तोडीचा दाखला मागितल्याशिवाय ते घेऊ नये. दुसरा पर्याय उष्णतेने भाजलेल्या अॅश किंवा पाइनचा. वाफेच्या भट्टीत १८० ते २१५ अंश सेल्सिअसला तापवल्यावर लाकडातलं बुरशीला आवडणारं अन्न मोडून जातं आणि फुगण्या-आवळण्याची खोडही कमी होते. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत पक्की झाली. त्यात औषध नसतं, ही जमेची बाजू. पण भाजल्याने लाकूड ठिसूळ होतं, म्हणून ते फळ्यांपुरतंच, खांब-तुळईला नाही.

दाबाने औषध भरलेला पाइन स्वस्त पडतो आणि चांगला टिकतो. औषध पृष्ठभागापासून काही अंतरच आत गेलेलं असतं, त्यामुळे कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावावंच लागतं. त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जाळू नयेत. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया घरातल्या लाकडाला उत्तम, पण पावसात ती धुऊन जाते. रेल्वेचे जुने स्लीपर बागेत वापरायची टूम आहे. त्यांत मुरलेलं क्रिओसोट कर्करोगाला कारण ठरू शकतं. अनवाणी पाय आणि लहान मुलं जिथे वावरणार तिथे ते नकोत.

उरलं डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी. तिला तेल नको, वाळवी नको. पण एप्रिलच्या दुपारी ती अनवाणी पायांना सोसत नाही इतकी तापते. उन्हाने ती लांबीतही वाढते, म्हणून टोकाला जागा सोडावी लागते. तिच्यात दम कमी, त्यामुळे खालचे वासे एक फुटावर घ्यावे लागतात. वर्षातून दोनदा निगा राखणं ज्याला जमणार नाही, त्याने लाकडाच्या मोहात न पडता ही फळी घ्यावी, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

जागा आणि वजन

डेक तीन जागी होतो : जमिनीवर, उतारावर उंच खांबांवर आणि गच्चीवर. प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

जमिनीवरच्या डेकला खालून ओल लागते. वाशांच्या तळापासून मातीपर्यंत दीड फूट मोकळं अंतर मिळालं तर वारा खेळतो आणि माणसाला सरपटत आत जाऊन पाहता येतं. खालची जमीन घरापासून दूर उतरती करावी, पन्नास फुटांना एक फूट एवढा उतार पुरतो. वर जाड खडी पसरली की चिखल उडत नाही आणि गवतही माजत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत आणखी एक काळजी हवी. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरवरचा पाया उचलून टाकते. तिथे खांबाचा पाया मुरुमापर्यंत न्यायलाच हवा. कोकणातल्या जांभ्या कातळावर हा त्रास नाही.

गच्चीवर प्रश्न वजनाचा आणि पाण्याचा. आपल्या मानकांनुसार माणसं वावरतात अशी गच्ची दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखतात, राहती खोली २०० आणि बाल्कनी ३०० किलो धरून. लाकडी डेकचं स्वतःचं वजन फार नसतं. जड असतात त्याच्या कडेच्या कुंड्या. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जाते. म्हणून जुन्या इमारतीत इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय गच्चीवर काही उभारू नये. गच्चीच्या कोब्यात एकही भोक पाडू नये. सांगाडा रबरी बुडाच्या पायांवर नुसता ठेवावा आणि पाणी जायच्या तोंडावर हाताने उचलता येईल अशी फळी करावी. ते तोंड पाल्याने तुंबलं तर डेकखाली तळं साचतं. छत गळतंच, वर डेंगीचे डासही तिथेच पैदा होतात.

सांगाडा : जो दिसत नाही तोच टिकवतो

बारा फूट बाय दहा फुटांचा डेक धरू. घरगुती डेकचा हा मध्यम आकार. त्यावर दर चौरस मीटरला २०० किलो धरले तर भार होतो सव्वादोन टन, म्हणजे वाढदिवसाला जमलेली तीस-पस्तीस माणसं. दहा फुटांचे, दोन इंच बाय चार इंचांचे दहा वासे सोळा-सोळा इंचांवर आडवे घालायचे. त्यांच्याखाली तीन बाय पाच इंचांच्या तीन तुळया, दोन कडांना आणि एक मध्ये. प्रत्येक तुळईखाली चार फुटांवर एक असे चार खांब, एकूण बारा. एक इंची फळ्यांना १० घनफूट, वाशांना साडेपाच, तुळयांना पावणेचार असे सव्वाएकोणीस घनफूट होतात. खांबांचं लाकूड वेगळं. कापछाटीची घट धरून खांबांखेरीज २२ घनफुटांची तयारी ठेवावी. हा हिशेब साग किंवा तितक्याच ताकदीच्या लाकडाचा आहे. डेक माणसाच्या उंचीइतका वर जाणार असेल तर तो इंजिनिअरकडून आखून घ्यावा.

खांबांना तळखड्याचाच न्याय लावायचा. काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या वर सहा इंच काढायचा, त्यात जस्त चढवलेला लोखंडी जोडा रोवायचा आणि खांब त्या जोड्यात उभा करायचा. खांबाचं टोक काँक्रीटला टेकू द्यायचं नाही. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडणं हा आपल्याकडचा सर्रास दोष आहे. भोवतीचं काँक्रीट पेल्यासारखं पाणी धरतं आणि लाकूड जमिनीलगत कापल्यासारखं कुजतं. उंच, उघड्या जोड्याचा दुसरा फायदा वाळवीचा. वाळवीला वर चढायचं तर मातीची नळी बांधत यावं लागतं, ती या उघड्या भागावर चटकन दिसते आणि झाडूने मोडता येते.

डेक घराच्या भिंतीला जोडावा का, यावर माझं मत ठाम आहे : जोडू नये. अमेरिकेत भिंतीवर आडवी पट्टी ठोकून तिच्यावर वासे टेकवण्याची पद्धत आहे. डेक कोसळण्याच्या तिथल्या घटनांत ही पट्टी नुसत्या खिळ्यांवर असणं हे कारण वारंवार सापडतं. आपल्या विटांच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीत बोल्टसुद्धा भरवशाचा बसत नाही आणि त्या भोकांतून पाणी घरात शिरतं. डेक स्वतःच्या खांबांवर उभा करावा, भिंतीपासून इंचभर फट सोडावी आणि तो घरातल्या जमिनीपेक्षा दोन इंच खाली ठेवावा.

फळी, फट आणि स्क्रू

लाकूड दिवाळीनंतर घ्यावं आणि काम फेब्रुवारीपर्यंत उरकावं. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, महिना-दीड महिना रचून ठेवाव्यात. ओल मोजण्याचं लहान यंत्र मिळतं, त्यावर १२ ते १५ टक्के आकडा दिसला की लाकूड तयार झालं. अशा वाळलेल्या फळ्यांमध्ये दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची फट ठेवावी. सुताराला ही फट काम कच्चं असल्यासारखी वाटते आणि तो ती बुजवायला जातो. त्याला आधीच सांगून, दोन सुतांची लोखंडी पट्टी हातात देऊन, प्रत्येक फळीला ती लावूनच काम करून घ्यावं. पावसाळ्यात फळ्या फुगल्या तरी पाण्याला वाट उरते. लाकूड ओलं असताना बसवलं तर उलटा हिशेब होतो : आज ठेवलेली दोन सुतं उन्हाळ्यात चार होतात.

फळी चार-साडेचार इंचांहून रुंद नको. रुंद फळी पन्हळीसारखी वाकते आणि पाणी धरते. सालीकडची बाजू वर की गाभ्याकडची, यावर सुतारांत दोन मतं आहेत. टोकाशी वर्षवलयं उभी दिसतील अशा फळ्या निवडल्या तर हा वाद उरतच नाही, कारण त्या फारशा वाकत नाहीत. वाशांच्या माथ्यावर डांबरी किंवा ब्यूटाइलची चिकटपट्टी लावावी. स्क्रूच्या भोकातून उतरणारं पाणी ती वाशात जाऊ देत नाही. खर्च नगण्य, पण सांगाड्याचं आयुष्य त्याने वाढतं.

स्क्रूवर पैसा वाचवणं म्हणजे घर बांधून कडीला दोरी बांधणं. फर्निचरचे काळे स्क्रू उघड्यावर दोन पावसाळेही काढत नाहीत. स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत : देशावर ३०४ प्रतीचे चालतात, खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात ३१६ प्रतीचे हवेत. तांब्याचं औषध भरलेलं लाकूड साध्या लोखंडाला फार लवकर खातं, तिथेही हाच नियम. एक इंची फळीला अडीच इंची स्क्रू, प्रत्येक वाशावर दोन, आधी भोक पाडून. डोकं फळीच्या पातळीला थांबलं पाहिजे. ते खोल गेलं तर वर वाटी होते आणि त्या वाटीत पाणी राहतं.

कठडा आणि माणसाचा जीव

इथे हयगय चालत नाही. २९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीचा तीन मजली लाकडी पोर्च मेजवानी चालू असताना कोसळला आणि १३ जण दगावले. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एक बाल्कनी तुटली आणि सहा तरुण विद्यार्थ्यांचा जीव गेला. तिथे कारण होतं आत दडलेलं कुजणं. वरून थर चढवलेला, आतले वासे पिठासारखे झालेले, आणि बाहेरून कुणाला सुगावा नाही. लाकूड झाकून ठेवलं की त्याचं दुखणंही झाकलं जातं.

जमिनीपासून अडीच फुटांवर गेलेल्या डेकला कठडा हवाच. उंची किमान एक मीटर, दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणजे बाळाचं डोकं अडकणार नाही. गज उभे असावेत, आडव्या पट्ट्यांची मुलं शिडी करतात. कठड्याचे खांब फळ्यांवर नव्हे, वाशांना आरपार बोल्टने जडवावेत. पायऱ्यांची उंची एकसारखी ठेवावी. एक पायरी अर्ध्या इंचाने जरी वेगळी झाली तरी वयस्कर माणसाचा पाय तिथेच चुकतो.

तेल आणि वर्षाची दोन कामं

व्हार्निश लाकडावर पापुद्रा धरतं. उन्हाने तो तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि आत गेलेलं पाणी त्या पापुद्र्यामुळेच बाहेर पडत नाही. डेकला मुरणारं तेल लावावं, तेही रंगद्रव्य असलेलं, कारण उन्हाचे अतिनील किरण रंगद्रव्यच अडवतं. नुसत्या जवसाच्या तेलावर आपल्या दमट हवेत काळी बुरशी वाढते. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात. ते लाकडाला गुणकारी आहे, पण कातडी भाजतं आणि काळं पडतं. खांबांच्या बुडांना आणि वाशांच्या खालच्या अंगाला ते ठीक, पायाखालच्या फळ्यांना नको. काहीच लावलं नाही तर साग राखाडी होतो. हा रंगाचा बदल आहे, दमाचा नव्हे. राखाडी साग ज्याला आवडतो त्याने तेलाचा खर्च खुशाल वाचवावा, फक्त कापलेल्या टोकांना मेण किंवा तेल द्यावं.

वर्षाची कामं दोन. मृग लागण्याआधी फटींतला पाला पातळ पट्टीने काढायचा, पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या, तेल द्यायचं. दसऱ्यानंतर ताठ ब्रशने, साध्या साबणाच्या पाण्याने शेवाळ घासायचं, कारण पाय घसरतो तो शेवाळावरून. दाबाच्या पाण्याचं यंत्र जवळून मारू नये, लाकडाचे धागे सुटतात. मग डेकखाली उतरून प्रत्येक खांबाच्या बुडाशी, वाशांच्या टोकांशी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहायचं. ते सहज आत गेलं तर तेवढा भाग लगेच बदलायचा. सुटी, स्क्रूने धरलेली फळी बदलायला अर्धा तास लागतो, दुर्लक्षित सांगाडा बदलायला अख्खा डेक उकलावा लागतो.

एक कायद्याची गोष्ट. स्वतःच्या जमिनीतला साग असला तरी तो परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग, ऐन, खैर, फणस अशा झाडांना परवानगी लागते. वखारीतून घेतानाही पक्की पावती मागावी.

निवाडा

सगळं तोलून माझं मत असं. देशावर आणि विदर्भात, जिथे पावसाचे दिवस कमी आणि ऊन भरपूर, तिथे उघडा सागवानी डेक निगा राखणाऱ्याला दीर्घकाळ साथ देतो. कोकण, घाटमाथा आणि गोव्यात, जिथे लाकूड चार महिने वाळतच नाही, तिथे डेकचा निदान घराला लागून असलेला भाग छपराखाली घ्यावा आणि उघड्या भागात फळीऐवजी जांभा किंवा फरशी घालावी. मावसभावाने तेच केलं. जुन्या फळ्यांतल्या चांगल्या निवडून, दोन सुतांची फट ठेवून, चौथऱ्यावर उचललेल्या खांबांवर त्याने पुन्हा डेक उभा केला, वर कौलं घातली. मावशी आता रोज दुपारी तिथे बसून तांदूळ निवडते.

तुम्ही डेक बांधणार असाल तर सुताराला नक्षी विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा : पाणी कुठून जाणार, आणि वारा कुठून येणार? त्याने या दोन्हींचं उत्तर बोट दाखवून दिलं, तर निर्धास्तपणे काम सुरू करा.